अर्धं स्वयंपाकघर

राधाबाई गेल्याचं कळलं तेव्हा टिकाराम घराच्या छपरावर बसला होता.

जेठ महिना होता. मोहाडीत ज्याला त्याला कवेलू फेरायची घाई होती. पाऊस लागायच्या आधी छपरावरचे कवेलू एकेक काढायचे, फुटके बाजूला टाकायचे, चांगले झाडून पुन्हा बसवायचे, हे दरसालचं काम. टिकाराम बारापात्र्याच्या घरी ते दोघांचं होतं. टिकाराम वर, राधाबाई खाली. ती प्रत्येक कवेलू बोटाच्या पेरानं ठोकून पाही. खणखणीत वाजला तर वर देई, बद्द वाजला तर परसात भिरकावी. टिकारामला दोन्ही आवाज सारखेच वाटत. जन्म मागाच्या खटखटीत गेला की कानाचं असंच होतं.

त्या सकाळी ती सिहोऱ्याला बहिणीकडे निघाली होती. भाचीचं लग्न होतं, तिकडच्या बायकांना करवती काठाच्या साड्या पाहायच्या होत्या. जाताना अंगणातून वर पाहत म्हणाली,

"आज मागघराकडलं करून घ्या. तिकडचे कवेलू मी निवडून ठेवले. सैपाकखोलीकडलं मी आल्यावर करू. तुमच्या भरवशावर सोडलं तं पाऊस ताटात येईन."

"जा वो जा, तुही बस सुटेन," टिकाराम म्हणाला.

दुपारी भूषण, त्यांचा मुलगा, अंगणात येऊन उभा राहिला.

"बाबा, खाली या."

"एवढी ओळ होऊ दे."

"बाबा, खाली या न."

आवाज ऐकून टिकाराम उतरला. बहिणीच्या ओसरीवर साड्या दाखवता दाखवता राधाबाईचं हृदय थांबलं होतं. शेवटची साडी मांडीवरच होती. बहिणीनं ती नंतर कोणाला दिली नाही, स्वतःकडेच ठेवली.

छपराचं काम तिथंच राहिलं. मागघरावरचे कवेलू नीट बसले होते, स्वयंपाकघरावरचे तसेच होते. त्या पावसाळ्यात स्वयंपाकघर गळलं. टिकाराम म्हणाला, दिवाळीनंतर पाहू. दिवाळी झाली, संक्रांतही झाली. तो शिडीपाशी जाई, वर पाही, मग खाली पाही, आणि परत येऊन मागावर बसे.

पण म्हणून घर काही सुतक धरून बसलं नव्हतं. रेणू बसूच देत नव्हती. रेणू म्हणजे भूषणची बायको, सानगडीची पोरगी, शेतकऱ्याच्या घरची. लग्न होऊन आली तेव्हा तिला ताणा कोणता आणि बाणा कोणता हेही कळत नव्हतं. राधाबाईनं शिकवलं. आता ती सकाळी उठून आधी सुताला लावायची तांदळाची खळ चुलीवर चढवी, मग चहा ठेवी. साडी मागावरून उतरली की स्वतःच अंगावर घेऊन अंगणात उभी राही आणि शेजारच्या शकुनबाईच्या हातात मोबाइल देई. "काकू, मुंडकं कापलं तरी चालते, काठ दिसला पाह्यजे." शकुनबाई मुंडकंही कापी आणि काठही. तरी त्या फोटोंवर पुण्याहून, बंगलोरहून साड्या मागवल्या जात. टिकारामचा एक माग पुरेना, म्हणून मागघरात दुसरा बसवला. त्यावर गल्लीतला जागेश्वर विणायला येऊ लागला.

अडचण झाली ती जागेची. आणि तिथून भूषणनं विषय काढला.

भूषण तुमसरला सिमेंट-लोखंडाच्या दुकानात कामाला होता. अशा दुकानात काम करणाऱ्या माणसाला जगातली कोणतीही अडचण स्लॅब टाकून सुटते असं वाटतं. जेवताना तो म्हणाला,

"बाबा, सैपाकखोली पाडून टाकू. तशीबी गळून राहिली. पिलर उभे करू, वर स्लॅब. खाली पार्सलचं गोडाऊन, मांगं नवीन किचन. अन् खर्चाचं टेन्शन नाही. घरी धंदा असला का घराच्या बांधकामाची टॅक्समंधी सूट भेटते. दुकानात सगळे सांगते."

टिकारामनं घास गिळला. समोर चूल होती. चुलीच्या डाव्या हाताला राधाबाईचा चरखा होता. तिच्यानंतर रेणू तिथंच बसून त्यावर सुताच्या कांड्या भरत होती. वरच्या आड्याला, जिथं खळ लावलेल्या सुताच्या लडी वाळत, ते खिळे राधाबाईनं स्वतः ठोकलेले होते. एक वाकडा होता.

"पाडाले काहून लागते?" तो म्हणाला.

"मंग काय करता? कवेलू फेरता काय?"

टिकारामनं ताटातला भात चिवडला. बोलण्यासारखं होतं, पण ते बोलायचं कसं हे त्याला माहीत नव्हतं. 'तुझी माय तिथं बसायची' हे कारण सिमेंटच्या दुकानात चालत नाही.

रेणूनं दोघांकडे पाहिलं. "भैय्याजीले विचारू न. ते सांगतीन सूट भेटते का नाही ते. त्याच्याआधी कोणी काही पाडू नका, अन् कोणी तोंड बी पाडू नका."

भैय्याजी भंडाऱ्याचे कर सल्लागार. टिकारामचं इन्कम टॅक्सचं काम तेच पाहत. पोट मोठं, हसणं त्याहून मोठं. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्यांची निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली, असं ते अजून सांगत आणि वर म्हणत, "सरकारनं जिल्हा वाटला तं वाटला, पोट नाही वाटलं." ते फोनवर म्हणाले, "मी स्वतः येतो. घर किती अन् धंदा किती, हे डोळ्यानं पाहावं लागते. मार्च सरायच्या आत पाहून घेऊ. अन् टिकारामजी, पोहे तर्रीवाले ठेवजा."

रेणूनं ही गोष्ट कुंपणावरून शकुनबाईला सांगितली. सहज सांगितली. "काकू, उद्या इन्कम टॅक्सचे भैय्याजी येऊन राहिले घर पाहाले."

शकुनबाईनं फक्त मान हलवली. रेणू शेतकऱ्याच्या घरची, म्हणून तिला त्या मान हलवण्याचा अर्थ कळला नाही. विणकरांच्या गल्लीत जुनी रीत होती. कोणताही सरकारी माणूस येतो म्हटलं की घरातलं सूत आधी शेजारी जायचं. कागदपत्र कसेही असोत, सूत नजरेला पडू द्यायचं नाही. टिकारामच्या बापाच्या काळी, सूत सरकारी हिशेबानं मोजून मिळायचं तेव्हापासूनची ही सवय. काळ गेला, सूत बाजारात सुटं मिळू लागलं, पण सवय राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेणू पार्सलं घेऊन पोस्टात गेली. जागेश्वर यायला वेळ होता. टिकाराम बस थांब्यावर भैय्याजींना आणायला गेला. दोघं हळूहळू बोलत आले. भैय्याजी बाजारातल्या प्रत्येक दुकानापुढे थांबत होते.

टिकारामनं दार ढकललं आणि तो उंबऱ्यातच उभा राहिला.

घर धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ओसरीवरच्या कोशाच्या रेशमाच्या लडी नव्हत्या. अंगणात ताणा ताणायच्या खुंट्या नव्हत्या, त्यांच्या भोकांत माती भरून वर रांगोळी काढली होती. स्वयंपाकघरात चरखा नव्हता, कांड्यांची टोपली नव्हती, खळीचं पातेलंही नव्हतं. मागघरात दोन्ही मागांवर चादरी अंथरल्या होत्या आणि चादरींवर पापड वाळत घातले होते. खाटेवर शकुनबाई आणि गल्लीतल्याच ललिताबाई, धुरपता अशा तिघी ओळीनं बसल्या होत्या, घरच्याच असाव्यात तशा.

"नमस्कार साहेब," शकुनबाई उठून म्हणाली. "पाहून घ्या. इथं काही धंदा-बिंदा नाही."

भैय्याजींनी टिकारामकडे पाहिलं.

"शकुन वैनी..." टिकाराम म्हणाला.

"तुम्ही चूप बसा भाऊजी. साहेब, हा मानूस बायको गेल्यापासून नुसता बसून खाते. पोरगा पोसते. याच्या हातानं काही होत नाही."

"याच्या हातानं आधीबी काही होत नव्हतं," ललिताबाईनं भर घातली. तिला वाटलं त्यानं बळकटी येईल.

"मंग हे माग?" भैय्याजींनी पापडांकडे बोट दाखवलं.

"माग कायचे? जुनी लाकडं आहेत. पापड वाळवाले बरे पडते."

"सावलीत?"

शकुनबाईनं धुरपताकडे पाहिलं. धुरपता पुढे झाली. "उडदाचे आहेत जी. त्यायले ऊन चालत नाही."

भैय्याजी खाटेवर बसले. आधी त्यांचं पोट हललं, मग खांदे हलले, मग ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. टिकारामलाही हसू येऊ लागलं. ते फार दिवसांनी येत होतं, म्हणून आधी त्याला खोकलाच वाटला.

"बाई," भैय्याजी म्हणाले, "मी सरकारचा मानूस नाही, टिकारामजीचा मानूस आहे. मी धंदा पकडाले नाही आलो, धंदा शोधाले आलो. या घरात धंदा जितका जास्त दिसन, तितकी दुरुस्तीची सूट जास्त. तुम्ही तं सगळा धंदाच बंद करून टाकला. आता सूट कायची मांगू, पापडाची?"

तिघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे दाखवाचं होतं?" शकुनबाईनं विचारलं.

"दाखवाचं होतं."

"मंग आधी सांगावं न, बाप्पा!" ती टिकारामवरच उखडली. "तुमच्यापायी माह्यी कंबर मोडली. चला वो, आना सगळं."

मग जी वरात निघाली ती भैय्याजींनी पोहे खात खात पाहिली. सूत शकुनबाईच्या धान्याच्या कोठीतून निघालं. कांड्यांची टोपली ललिताबाईच्या न्हाणीतून आली. चरखा धुरपताच्या गोठ्यात गवताखाली होता. गल्लीतल्या आणखी चार घरांतूनही लडी निघाल्या. त्यातल्या एका घरी आपण कोणाचं लपवतोय हेच माहीत नव्हतं, पण लपवायचं म्हटल्यावर लपवलं होतं. तेवढ्यात रेणू पोस्टातून आली. आपलं सगळं घर रस्त्यानं घरी येताना पाहून ती पिशवी टाकून धावली.

सामान आणणं सोपं होतं. ठेवण्यावरून वाद सुरू झाला.

"चरखा इथं नोको. चुलीच्या डाव्या हाताले. राधाबाई तिथं बसे, म्हणजे एक डोळा दुधावर राहे."

"अन् खळीचं पातेलं मांगच्या चुलीवर. पुढच्या चुलीवर भात."

"भात नंतर. आधी खळ, मंग भात. मी कितीदा पाह्यलं. भाऊजी भुके बसून राहत, पण सूत भुकं नाही राहिलं."

"कांड्या खिडकीत. तिले उजेड लागे."

"मायनं मले बी तसंच शिकवलं," रेणू म्हणाली. सासूला ती मायच म्हणायची. "मी काहीच हलवलं नाही."

टिकाराम दारात उभा राहून ऐकत होता. या बायका त्याच्या स्वयंपाकघराबद्दल त्याच्याहून जास्त जाणत होत्या. तो सारा दिवस मागघरात असे. भरलेल्या कांड्या त्याच्या हाताशी येत, खळ लावलेलं सूत येत असे. ते येतं कुठून हे त्याला माहीत होतं, पण ते असं एकेक करून कोणी मांडलं नव्हतं.

भैय्याजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. खिशातून टेप काढला.

"टिकारामजी, फोनवर तुमच्या पोट्ट्यानं मले सांगतलं का धंदा फक्त मागघरात आहे."

"हाव. माग तिथंच आहे न."

"अन् हे काय आहे मंग? खळ इथं शिजते, कांड्या इथं भरते, सूत इथं वाळते. मागावर चढाच्या आधीचं सगळं काम या खोलीत होते. धंदा मागावर बसते का फक्त?"

"म्हणजे सैपाकखोली बी धंद्यात येते?" टिकारामनं विचारलं.

"जेवनबी इथंच बनते न? मंग पूरी नाही येत. अर्धी येते. खोटं नाही लिहत मी. अर्धी धंद्याची, अर्धी पोटाची."

"अर्धी," टिकाराम म्हणाला. त्यानं तो शब्द तोंडात धरून पाहिला. राधाबाईला उभ्या जन्मात कोणी विणकर म्हटलं नव्हतं. विणकरांच्या सोसायटीत नाव त्याचं, बिलावर नाव त्याचं. आज भंडाऱ्याचा माणूस टेप लावून सांगत होता की ती अर्धा दिवस कामावर असायची. "अर्धी तं अर्धी. लिहा."

तेवढ्यात भूषण तुमसरहून सुट्टी टाकून आला. अंगणात गर्दी, मागावर पापड आणि भैय्याजी जमिनीवर गुडघे टेकून मोजताहेत, हे पाहून त्यानं फक्त कामाचं विचारलं.

"भैय्याजी, स्लॅबची सूट भेटते न?"

"ये, बस. सूट दुरुस्तीले आहे. फुटलं ते बदलवलं, गळलं ते बुजवलं, हाये ते जसंच्या तसं चालतं ठेवलं, तं तो त्या सालचा खर्च. धंद्याच्या वाट्याचा पुरा वजा होते. स्लॅब म्हणजे दुरुस्ती नाही, बाबू. नवीन वस्तू झाली. त्याचा घसारा भेटते, दरसाल थोडा थोडा. म्हातारा होशीन तवा पुरा होईन."

"मंग दुकानात सगळे काहून सांगते?"

"सिमेंट विकाचं असते न त्यायले."

सगळे हसले. भूषणही हसला, पण सोडून द्यायला तयार नव्हता. "सूट जाऊ द्या. खोली तं मजबूत होईन."

आता रेणू बोलली. ती चरख्यापाशी बसली होती. "अन् खळीची वाफ कुठं जाईन? कवेलूच्या फटीतून जाते म्हणून लडी दुपारपर्यंत वाळते. तुमच्या स्लॅबखाली ओल्याच राहतीन, वास मारतीन. पार्सल मागघराच्या माळ्यावर ठेवू. तिथं तुमची कॅरमची पेटी अन् लग्नातली गादी पडून आहे."

"ते माह्या मामानं देल्ली गादी आहे."

"मंग मामाले देऊन या."

भूषणनं बापाकडे पाहिलं. टिकाराम वरच्या वाकड्या खिळ्याकडे पाहत होता. भूषणची नजरही तिथं गेली.  मग तो म्हणाला, "बरं. कवेलू तं कवेलू. पण पुढच्या घरी मी स्लॅबच टाकीन."

"टाकजो," टिकाराम म्हणाला. "मी येऊन पापड वाळवीन."

भैय्याजींनी जाताना सगळ्यांना बजावलं. कवेलू कुंभाराकडून आणले तरी पावती घ्यायची. मजुरीचीही लिहून घ्यायची, कोणत्या खोलीचं काम ते स्पष्ट. यंदापासून धंद्याच्या वह्या पूर्ण ठेवायच्या, उत्पन्न अंदाजे टक्क्यानं धरायच्या सोप्या पद्धतीत असा खर्च वेगळा मांडता येत नाही. आणि काम मार्च सरायच्या आत. शकुनबाईनं त्यांना बळेच उडदाचे पापड बांधून दिले. त्यांनी ते घेतले आणि विचारलं, "याची पावती?"

दोन दिवसांनी कुंभाराकडून नवे कवेलू आले. पावतीवर टिकारामनं कुंभाराकडून मोठ्या अक्षरात 'सैपाकखोली' असं लिहवून घेतलं. कुंभार म्हणाला, आजवर असं कोणी मागितलं नव्हतं. टिकाराम म्हणाला, लिहा तरी.

सकाळी अंगणात शिडी लागली. भिंतीशी जुन्या, जादाच्या कवेलूंची रास होती. गेल्या जेठात राधाबाईनं स्वयंपाकघरासाठी निवडायला काढून ठेवलेली, तशीच. रेणू रासेपाशी बसली. तिनं एक कवेलू उचलला आणि बोटाच्या पेरानं ठोकला.

"मामाजी, हा चांगला आहे का?" तिनं सासऱ्याला विचारलं.

"मले काय विचारतं? मले समजलं असतं तं तुह्या सासूनं मले वर चढवलं नसतं."

रेणूनं पुन्हा ठोकला, कान लावला. "चांगला आहे."

"बद्द आहे तो!" कुंपणापलीकडून शकुनबाई ओरडली.

"तुमाले तिकडून काय ऐकू येते काकू?"

"तुह्या सासूबरोबर तीस साल ऐकलं न मी. टाक तो. दुसरा घे."

रेणूनं तो परसात भिरकावला. पडताच त्याचे दोन तुकडे झाले. शकुनबाईनं कुंपणावरून विजयानं सगळ्यांकडे पाहिलं. रेणूनं दुसरा उचलला, ठोकला. यावेळी टिकारामलाही वाटलं की आवाज खणखणीत आहे. निदान त्याला तसं वाटलं.

"देऊ वर?" रेणूनं विचारलं.

टिकारामनं शिडीला हात लावला. वर पाहिलं. मग खाली पाहिलं. खाली रेणू होती, हातात कवेलू धरून. कुंपणावर शकुनबाई होती. भूषण शिडीचा पाय धरून उभा होता आणि म्हणत होता, "बाबा, चढता का मी चढू?"

"तू धरून ठेव," टिकाराम म्हणाला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

मागघरावरचं छप्पर पक्कं होतं. स्वयंपाकघरावरचे कवेलू फेरायचे राहिले होते, ते आता एकेक करून वर जाऊ लागले.